नावेला हात न लावता

धरणानं गाव गिळलं, असं लोक म्हणतात. गिळलं-बिळलं काही नाही. कागद आला, मोजणी झाली, आम्ही दारं, चौकटी, वासे, जातं, उखळ गाड्यांत भरलं आणि वरच्या माळावर जाऊन राहिलो. पाणी नंतर आलं, तेही सावकाश. रडणारे रडले. मी रडले नाही. मला त्या गावात लग्न होऊन सहाच वर्षं झाली होती, आणि त्यातलं शेवटचं विधवा म्हणून काढलं होतं. नवऱ्याला कांद्याच्या वाफ्यात साप चावला. राहुरीला नेईपर्यंत तो संपला.

घरात उरलो दोघी, मी आणि सासू. सासूला मी आत्याबाई म्हणायचे. तोंडानं फटकळ, कमरेत वाकलेली, साठीच्या पुढची बाई. आमचं फार पटायचं असं नाही. पण दुसरं कोण होतं?

माळावर गेलो आणि मोठा दुष्काळ पडला. सरकारी कामावर दोघींनी खडी फोडली. पुढच्या साली पाऊस चांगला झाला आणि खडीचं काम बंद झालं. गाव खूश आणि आम्ही बसलो हातावर हात ठेवून. आमची काळी जमीन पाण्याखाली. बदली मिळाली ती माळाची, तिथं कुसळ उगवायचं. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम दारात येऊन गेला. म्हणाला, दिवाळी झाली की निघायचं, दोघींनी यायचं, एकट्या बाईला मी घेत नाही. आत्याबाईंची कंबर बघून माणूस त्यांना पाट देईल बसायला, कोयता नाही. पण त्या म्हणाल्या, "येते की. मेले तर फडातच पुरा, तेवढाच लाकडाचा खर्च वाचंल."

त्या पावसाळ्यात धरणात दोन माणसं बुडाली. दोघंही आमच्यातलीच. राहायला माळावर आलो तरी पाय जुन्याच वाटेनं चालायचे. एक जण दिवस मावळता म्हैस हुडकत जुन्या पांदीनं निघाला आणि बोलता बोलता पाण्यात चालत गेला. सोबतच्या माणसाला पोहता येत नव्हतं, तो काठावर ओरडत राहिला. दुसऱ्याचंही तसंच. मग धरणावरच्या साहेबांनी ठरवलं की बुडत्याला काढायला नावेवर एक पक्का पोहणारा ठेवायचा. कायमची नोकरी. माणूस ज्यांची गावं धरणात गेली त्यांच्यातलाच घ्यायचा, आणि तो पारखून घ्यायचा. पारख अशी, की जिथं नदी धरणात शिरते त्या वरच्या टोकापासून थेट भिंतीपर्यंत पोहायचं. सूर्य उगवला की उतरायचं, मावळायच्या आत भिंतीला लागायचं. सोबत नाव राहील, तिच्यापासून दहा हातांपेक्षा लांब जायचं नाही. आणि नावेला, वल्ह्याला किंवा नावेतल्या माणसाला हात लागला की बाद.

चावडीवर हे वाचून दाखवलं तेव्हा मी बायकांत बसले होते. चौथी शिकलेली आहे मी. नंतर कागद स्वतः एकदा वाचून घेतला. कुठंही बाई नको असं लिहिलेलं नव्हतं.

मला पोहता येत होतं. माझं माहेर नेवाशाकडचं, प्रवरेच्या काठचं. आमच्यात मुलगी पाच वर्षांची झाली की बाप तिच्या पाठीला सुका भोपळा बांधायचा आणि विहिरीत ढकलायचा. आठ दिवसांनी भोपळा सोडून पुन्हा ढकलायचा. आमचं निम्मं शेत नदीपलीकडं होतं, त्यामुळं पुरातसुद्धा पलीकडं जावंच लागे. आई डोक्याला भाकरी बांधून पोहत जायची. मीही गेले आहे. सासरी मात्र सुनेनं पोहायची रीत नव्हती. लग्न झाल्यापासून मी गुडघ्याच्या वर पाण्यात गेले नव्हते.

घरी येऊन सांगितलं. आत्याबाई चुलीपुढं होत्या.

"घरात एक मेलेला पुरे हाय," त्या म्हणाल्या.

"मी कुठं मरायला चालले? भिंतीपोतर जायचंय."

"भिंत बघितलीस का कुठं हाय ती?"

"बघितली. ऊस बी बघितलाय मी, आत्याबाई. तुमी चार मोळ्या वाहिल्या की माझ्या डोळ्यापुढं पडाल."

त्यांनी फुंकणी घेतली आणि उगाच चूल फुंकत बसल्या. धूर झाला, जाळ काही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी नाव द्यायला धरणावर गेले. साहेब पुण्याकडचे, तरुण, चांगल्या घरचे दिसत होते. माझ्याआधी दोघांनी नावं दिली होती. एक तालमीतला गडी, दंड मांडीएवढे. दुसरा विहिरी खणणारा. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बाई, तुम्ही साडीत पोहणार?"

"मग काय साडी सोडून पोहू, साहेब?"

कारकून हसता हसता टेबलावर पडला. साहेब लाल झाले आणि त्यांनी माझं नाव लिहून घेतलं.

तीन आठवडे हाती होते. रोज दुपारी मी काठाकाठानं पोहायचे. पहिल्या दिवशी इतक्या लवकर दम लागला की मलाच लाज वाटली. विहिरीत पोहणारा माणूस भराभर हात मारतो, कारण चार हातांवर भिंत असते. इथं तसं करून चालत नव्हतं. हळूहळू कळलं की जात्यावर बसल्यासारखं पोहायचं. दळताना कुणी घाई करत नाही, थांबतही नाही. तो मेळ एकदा बसला, मग माझं बरं चाललं.

आत्याबाई काठावर काठी घेऊन येऊन बसायच्या. एक दिवस म्हणाल्या, "नऊवारी जड हुतीय तुला. पाय अडकत्यात." घरी जाऊन त्यांनी माझं जुनं विरलेलं लुगडं मधून फाडलं, गुडघ्यापर्यंत काष्टा बसेल एवढंच ठेवलं, आणि उरलेल्याची घडी घालून ठेवली. "आनि हे बघ, नावेत मी बसनार. खायला-प्यायला कोन देनार तुला? भोई? त्याचे हात माशाचे."

"तुमी नावेत कधी बसलाय का?"

"न्हाई. तू तरी कुठं धरन पोहलीस?"

माझ्यासोबतची नाव चालवणारा भोई साहेबांच्या विश्वासातला होता. तो सांगेल ते खरं धरायचं असं ठरलं होतं. मी त्याला मामा म्हणायचे. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि माझी सगळी अडचण तीच होती.

दिवाळीनंतरचा दिवस ठरला होता. सकाळी पाण्यावर वाफ होती. आत्याबाईंनी माझ्या अंगाला करडईचं तेल चोळलं, इतकं की मी भज्यासारखी दिसत असेन. मुकादमही बघायला आला होता. म्हणाला, "बाई, दमलीस तर लाजू नको, टोळी अजून निघाली न्हाई." डोंगरावर किरण दिसला आणि आम्ही तिघंही उतरलो. तीन माणसं, तीन नावा.

पाणी गार होतं. तालमीतला गडी पहिल्या झपाट्यातच एवढा पुढं गेला की त्याचं डोकं सुपारीएवढं दिसायला लागलं. विहीरवाला माझ्या बरोबरीनं होता. थोड्या वेळानं त्याचे दात वाजताना मला ऐकू यायला लागले. खोल विहिरीत दिवसभर खणणारा माणूस, पण अंगावर मांस नव्हतं. दोन तास झाले नसतील, त्यानं नाव धरली. मला वाईट वाटलं. नंतर वाटलं, बरं झालं, एक कमी झाला. खरं ते सांगते.

आत्याबाई नावेच्या दोन्ही कडा धरून बसल्या होत्या. डोळे मिटलेले.

"मामा, म्हातारी जित्ती हाय का?" मी विचारलं.

"हाय. देवाचं नाव घेतीय."

"देवाचं न्हाई," आत्याबाई म्हणाल्या, "तुमचं दोघांचं घेतीय."

दर थोड्या वेळानं त्या लांब बांबूला बांधलेला पेला माझ्यापुढं धरायच्या. पेल्यात आंबील. ज्वारीची, ताकातली, मीठ जरा जास्त घातलेली. मी उताणी होऊन पायानं पाणी मारत प्यायचे. बांबूला हात लावायचा नाही, पेल्याला फक्त ओठ. पहिल्यांदा निम्मी आंबील नाकात गेली. दुसऱ्यांदा जमलं. गूळ-दाण्याचे लाडू त्या पाण्यात टाकायच्या आणि ते बुडायच्या आत मी उचलायचे. दोन लाडू माशांनी खाल्ले.

सूर्य डोक्यावर येत होता तेव्हा आम्ही जुन्या गावावर आलो. पाण्यावर खूण काहीच नव्हती. पण एका बाजूची खिंड आणि दुसऱ्या बाजूचा एकटा लिंब एका रेघेत आला की खाली देऊळ, हे आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांना पाठ होतं. तालमीतला गडी त्या रेघेवरून सरळ पुढं गेलेला दिसत होता. मीही सरळ चालले होते.

"नाव वळीव रे," आत्याबाई एकदम म्हणाल्या.

"का?" मामानं विचारलं.

"खाली देव हाय. देवाच्या डोक्यावरनं पाय नेती का ही? उजवीकडं देव ठेव आनि वळसा घे."

मी पाण्यातून ओरडले, "आत्याबाई, देव नव्या गावात नेलाय. तुमीच पालखीबरोबर चाललाव. खाली नुसते दगड हायत."

"देव नेला. जागा न्हाई नेली."

"मामा, तुमी सरळ चला."

मामानं वल्हं उचलून धरलं आणि म्हातारीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. तो भोई खरा, पण त्याचंही गाव खालीच होतं आणि त्याचंही लग्न त्याच देवळापुढं लागलेलं. त्यानं नाव वळवली. उत्तरेच्या डोंगराकडं.

नावेपासून दहा हातांपेक्षा लांब जायचं नाही, असा नियम. मी काय करणार? मला असा संताप आला की दातओठ खात मागं गेले. मामा भीत भीत म्हणाला, "आजी, पुरा फेरा घालायचा का?"

"पुरा फेरा घातलात तर मी इथंच बुडते," मी म्हणाले.

"अर्धा पुरे," आत्याबाई म्हणाल्या. "विधवेला अर्धा चालतो."

हे त्यांनी मनानंच ठरवलं. असं कुठंही नाही.

वळशात किती वेळ गेला ते मला कळलं नाही, पण बराच गेला. आम्ही डोंगराच्या पोटाशी जाऊन पोचलो, आणि तेवढ्यात वारं सुटलं. दिवाळीनंतरचं वारं आमच्याकडं उगवतीकडून येतं, म्हणजे थेट भिंतीकडून तोंडावर. मधल्या पाण्यात लाटा उठलेल्या मला दिसत होत्या. नांगरलेल्या रानासारखं सगळं पाणी. आमच्या बाजूला मात्र डोंगर आडवा होता आणि पाणी तव्यासारखं. मी डोंगराच्या कडेकडेनं चालले, जात्याच्या मेळानं. तोंडावर लाट नाही, नाकात पाणी नाही.

मधल्या लाटांतून एक नाव आमच्याकडं येताना दिसली. तालमीतला गडी तिच्यात घोंगडी पांघरून बसला होता. ओठ निळे पडलेले. लाटांनी त्याला इतकं पाणी पाजलं होतं की ओकून ओकून त्यानं नाव धरली होती.

"वैनी," तो म्हणाला, "माझं बुडालं. आता तुमीच राह्यलात. सोडू नका."

चांगला माणूस होता. मी मान हलवली. बोलायला दम खर्च करायचा नव्हता.

आत्याबाई मरेपर्यंत म्हणत राहिल्या की त्या दिवशी देवानं वाट दाखवली. मी म्हणते डोंगरानं वारं अडवलं. पण वळसा घ्यायला त्यांनी लावला हे खरं, आणि मी त्यांना त्यासाठी शिव्या दिल्या होत्या हेही खरं.

डोंगर संपला आणि उघडं पाणी आलं. समोर भिंत दिसत होती. आता पोचले असं वाटलं. ती भिंत काही जवळ येईना. मी हात मारायचे, शंभर मोजायचे, डोकं वर करायचे, भिंत तिथंच. वाऱ्यानं लाटा तोंडावर येत होत्या. खांद्यात कुणी खुंट्या ठोकल्यासारखं झालं होतं. लुगड्याच्या काठानं मांड्या सोलल्या होत्या. सूर्य पाठीमागं खाली आला होता, माझीच सावली पाण्यावर माझ्यापुढं लांब पडायला लागली होती.

"मामा, किती राह्यलं?"

"थोडं."

"खरं सांगा."

"लई."

तेवढ्यात उजव्या पोटरीत गोळा आला. असा आला की पाय दगड झाला आणि मी खाली गेले. पाणी प्याले. वर आले, परत गेले. पुन्हा वर आले तेव्हा डोक्यावर नाव होती आणि नावेतून आत्याबाई निम्म्या बाहेर आलेल्या, दोन्ही हात माझ्याकडं पसरलेले. मामानं त्यांना मागून लुगड्याला धरलं होतं. त्यांचा हात माझ्या केसांपासून वीतभर लांब होता.

"हात मागं घ्या!" मी ओरडले.

"मरशील गं!"

"हात मागं घ्या म्हनते ना! शिवलात तर उद्या दोघी फडात!"

त्यांचे हात तसेच. आयुष्यात त्यांनी माझं एकही ऐकलं नव्हतं. मग त्यांनी हात मागं घेतले आणि स्वतःच्या मांड्यांखाली घातले. हातांवर बसल्या. सावत्र पोराला दाबून बसवावं तशा. तोंडानं मात्र चालूच होतं. माझ्या माहेरचे, माझा बाप, प्रवरा नदी, साहेब, सरकार, सगळ्यांचा उद्धार.

मी उताणी झाले. विहिरीत बापानं शिकवलं होतं, गोळा आला की भ्यायचं नाही, पाय वर आणायचा, अंगठा धरून आपल्याकडं ओढायचा. ओढला. आकाश बघत पडून राहिले. वारं मला मागं नेत होतं हे कळत होतं, पण इलाज नव्हता. गोळा उतरला तसा पाय हलायला लागला. निम्मा. मग एका पायानं आणि दोन हातांनी निघाले.

पुढचं मला नीट आठवत नाही, ते सजवून सांगणार नाही. एवढं आठवतं की आत्याबाईंनी शिव्या थांबवल्या आणि दळतानाच्या ओव्या म्हणायला लागल्या. आवाज फाटका. एका ओवीला एक हात. ओव्या संपल्या की त्या पुन्हा पहिलीपासून घ्यायच्या. मामाही त्याच मेळात वल्हं मारत होता. लाजायचं सोडून तोही मधूनच आवाज लावत होता. मी मान वर करून भिंत बघायचं सोडून दिलं. जात्यावर बसल्यावर माणूस पाटीत अजून किती जोंधळा आहे ते बघत नाही. दळतो.

एकदा हात मारला तो दगडावर बसला. बोटं सोलली. मला वाटलं नावच. डोकं वर केलं तर भिंतीच्या पोटाला लावलेले दगड, शेवाळानं हिरवे. वर माणसांची रांग आणि गलका. मी दोन्ही हातांनी दगड धरले. उभं राहायला गेले तर पाय नव्हतेच. मग रांगत वर चढले, म्हशीसारखी, कुणाचा हात न घेता. कुणाचा हात धरला तर अजूनही बाद करतील अशी भीती होती.

वर जाऊन मागं वळून पाहिलं. सूर्य खिंडीच्या वर कासराभर होता.

साहेब घड्याळ हातात घेऊन उभे होते. त्यांनी भोईमामाला विचारलं, "नावेला हात लागला?"

"न्हाई."

"बांबूला? तुम्हाला? या बाईंना?"

"न्हाई, साहेब. म्हातारी जाम वाकली हुती, पर पोरीनं शिवू दिलं न्हाई. मी बघितलंय."

त्याचं ते खरं बोलणं किती गोड असतं ते मला तेव्हा कळलं.

आत्याबाईंना दोन माणसांनी धरून नावेतून उतरवलं. त्यांचे हात सुन्न झाले होते. त्यांनी ते साहेबांच्या पुढ्यात झटकले. "लिहा," त्या म्हणाल्या. "सगळे हायत तवर लिहा."

"लिहितो, आजी."

"आत्ता. मुकादम कुठं हाय? त्याला म्हनावं, टोळी घेऊन जा."

मुकादम गर्दीत होता, त्यानं ऐकलं असणार. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. बायका हसायला लागल्या. मग पुरुष हसले. मग तालमीतल्या गड्यानं अंगावरची घोंगडी काढून माझ्या अंगावर टाकली आणि मोठ्यानं आरोळी दिली, तशी भिंतीवरच्या सगळ्यांनी दिली. तेवढा आवाज मी आयुष्यात माझ्यासाठी ऐकला नव्हता. छाती भरून आली, ते नाकारत नाही.

कारकुनानं वही आणली, शाईचा डबा पुढं केला. मी म्हणाले, अंगठा नाही, सही करते. बोटं ओली आणि सोललेली, त्यामुळं सही तीनदा केली. दोनदा कागद फाटला.

"छान," साहेब म्हणाले. "उद्या सकाळी आठला कामावर या."

"उद्या न्हाई, साहेब. परवा येते. उद्या मी झोपनार हाय."

साहेबांनी कारकुनाकडं पाहिलं. कारकुनानं उद्याची तारीख खोडली आणि परवाची घातली.